तुमचे प्रश्न : पोटरीत नेमकं काय तुटलं?

गेल्या अंकात पायाच्या दुखण्यांवर लिहिताना पोटरीतल्या प्लँटारिस नावाच्या एका बारक्या स्नायूचा जाता जाता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. रक्तदाबावर पानभर लिहिलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, आणि ज्या स्नायूवाचून माणसाचं काहीही अडत नाही त्याच्यासाठी टपालाचा गठ्ठा! असो. जन्मभर शरीररचनाशास्त्र शिकवलेल्या बाईला याहून बरं काय हवं? यावेळी सगळी जागा पोटरीलाच देते.

प्रश्न : मॅडम, मी सोलापुरातल्या बाळीवेसचा, वय 44. गड्ड्याच्या जत्रेआधी आमचा नंदीध्वज, म्हणजे जत्रेतला उंच, जड ध्वज, पेलायचा सराव असतो. यंदा सराव करताना तोल सावरायला एक पाय मागं टाकला, आणि पोटरीत मागून कुणीतरी दगड घातल्यासारखं झालं. ‘टक्’ असा आवाजही आला. वळून बघतो तर मागं कुणीच नाही. पाय टेकवेना. ओळखीतल्या एकानं तेल लावून नस बसवून दिली, त्यानं आणखी सुजलं. दोन-तीन दिवसांत घोट्यापर्यंत काळंनिळं झालं. एका डॉक्टरांनी नुसतं हातानं बघून ‘प्लँटारिस तुटलाय’ सांगितलं. नंतर सोनोग्राफी केली तर रिपोर्टमध्ये ‘मीडियल गॅस्ट्रोक्नेमियसचा पार्शियल टेअर’ आलंय. खरं कुणाचं मानायचं? आणि पुढच्या जानेवारीत पेलता येईल का?

उत्तर : सोनोग्राफीचं मानायचं.

पण त्या डॉक्टरांना नावं ठेवू नका. ही चूक त्यांची एकट्याची नाही, जुनी आहे. 1883 साली पॉवेल यांनी ‘लॉन टेनिस लेग’ या नावानं हेच दुखणं मांडलं : खेळणारा माणूस, अचानक पोटरीत फटका, मागं वळून बघणं, आणि मागं कुणी नसणं. त्यानंतर कित्येक वर्षं पुस्तकांत त्याचा दोष प्लँटारिसच्याच माथी मारला जायचा. सोनोग्राफी आणि एमआरआय आल्यावर पोटरीच्या आत डोकावता येऊ लागलं, तेव्हा चित्र पालटलं. 2002 साली ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात अशा 141 रुग्णांच्या सोनोग्राफीचा अभ्यास आला. त्यात 94 जणांचा गॅस्ट्रोक्नेमियस, म्हणजे पोटरीचा मोठा स्नायू, अर्धवट फाटलेला निघाला. प्लँटारिस तुटलेले निघाले फक्त 2.

असं का होतं ते सांगते. पोटरीचा जो फुगीर भाग बाहेरून दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस. त्याची दोन डोकी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतात, एक आतल्या बाजूचं, एक बाहेरच्या. त्याच्याखाली सोलियस नावाचा रुंद, चपटा स्नायू. हे दोन्ही खाली एकत्र येऊन टाचेवरची जाड दोरी बनते, तिला अकिलीस टेंडन म्हणतात. गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा आणि घोटा अशा दोन सांध्यांवरून जातो, त्यामुळं गुडघा सरळ आणि टाच खाली दाबलेली असेल तेव्हा तो पुरता ताणलेला असतो. तुम्ही पाय मागं टाकलात तेव्हा नेमकी हीच अवस्था होती. वरून ध्वजाचा भार. त्यात शरीर पुढं रेटायला स्नायूनं जोरात आकसायचा प्रयत्न केला, आणि आतल्या डोक्याचा खालचा भाग, जिथं मांस संपून टेंडन सुरू होतो, तिथं फाटला. चाळिशी ओलांडलेल्या, वर्षभर बसून काम करणाऱ्या आणि हंगामापुरता जोर लावणाऱ्या माणसांत हे सर्रास दिसतं. फाटलेल्या जागेचं रक्त गुरुत्वाकर्षणानं खाली उतरतं, म्हणून घोटा काळानिळा झाला. घोट्याला काही झालेलं नाही.

आता तेल लावून नस बसवण्याबद्दल. ताज्या फाटलेल्या स्नायूवर चोळणं म्हणजे रक्तस्राव वाढवणं. पहिले काही दिवस चोळायचं नाही, शेकायचंही नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, आणि झोपताना पायाखाली उशी. चपलेत टाचेखाली मऊ गादी घाला, दोन्ही चपलांत, नाहीतर कंबर धरेल. टाच उचललेली राहिली की स्नायूवरचा ताण कमी होतो. दुखणं ओसरलं की भिंतीला हात टेकून हळूहळू ताण द्यायचा. साधारण महिना-दीड महिन्यात बहुतेक जण रोजच्या चालण्याला लागतात, पण जोराच्या कामाला त्याहून वेळ द्या.

पुढच्या जानेवारीचं विचारलंत. दुखऱ्या पायाच्या एकट्या चवड्यावर, न दुखता, जितक्या वेळा चांगल्या पायावर उठता तितक्याच वेळा उठता येऊ लागलं की सरावाला हरकत नाही. त्याआधी नाही. आणि सराव डिसेंबरात एकदम सुरू करू नका, दिवाळीपासूनच चवड्यांचे व्यायाम धरा.

एक गोष्ट मात्र सगळ्याच वाचकांसाठी, आणि ती मला प्लँटारिसपेक्षा फार महत्त्वाची वाटते. त्याच 141 जणांत 14 जण असे होते की ज्यांचा एकही स्नायू फाटलेला नव्हता. त्यांच्या पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होती. फटका बसल्याची नेमकी वेळ आठवत नसेल, एकच पाय सुजलेला आणि गरम असेल, नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, बरेच दिवस अंथरुणात काढले असतील किंवा रात्रभर बसमध्ये पाय लोंबकळत प्रवास झाला असेल, तर ‘लचक भरली’ म्हणून घरी थांबू नका. डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जायचं.

दुसरी शंका अकिलीसची. ही जाड दोरी पूर्ण तुटली तरी माणूस लंगडत चालू शकतो, पाऊल थोडं खालीही दाबू शकतो, कारण शेजारचे स्नायू आणि शाबूत राहिलेला प्लँटारिस ते काम थोडंफार निभावतात. म्हणून ‘चालता येतंय ना, मग तुटलेली नाही’ हा हिशेब चुकतो. डॉक्टर तुम्हाला पालथं झोपवून, पावलं कॉटबाहेर काढून पोटरी दाबतात. पाऊल हललं तर दोरी जागेवर, न हललं तर तुटलेली. दोन सेकंदांची तपासणी आहे. कुणी केली नाही तर आपण होऊन म्हणा, ‘डॉक्टर, जरा पोटरी दाबून बघता का?’

प्रश्न : मी इथंच एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. डिसेक्शनला (शवविच्छेदनाला) प्लँटारिसच्या टेंडनला मी नर्व्ह (मज्जातंतू) म्हणाले आणि सगळं टेबल हसलं. या स्नायूचा काही उपयोगच नसेल तर तो आम्ही पाठ का करायचा?

उत्तर : हसू दे त्यांना. इंग्रजी पुस्तकांत याचं टोपणनावच ‘फ्रेशमन्स नर्व्ह’ आहे. तुझ्याआधी जगभरातले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी तिथंच फसलेत.

आता परत टेबलापाशी जा आणि मी सांगते तसं बघ. गॅस्ट्रोक्नेमियसची दोन्ही डोकी वरून सोडवून खाली उलटली की त्याच्या आणि सोलियसच्या मधल्या फटीत एक पांढरी चपटी फीत तिरकी जाताना दिसते. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद. फॉर्मॅलिननं सगळंच मातकट झालेलं असतं, तरी हिची चमक टिकून असते. नर्व्हला अशी चमक नसते, ती मळकट आणि गोल, दोन बोटांत फिरवली तर गरगर फिरते. ही फीत फिरत नाही, दुमडते. मग चिमट्यानं धरून हळूच ओढ. वरच्या टोकाला, गुडघ्याच्या लवणीत बाहेरच्या बाजूला, सात ते दहा सेंटिमीटरचं मांसाचं एक छोटं पोट हललं तर तो प्लँटारिस. नर्व्हला पोट नसतं.

हा स्नायू मांडीच्या हाडावर, गॅस्ट्रोक्नेमियसच्या बाहेरच्या डोक्याच्या जरा वरून निघतो. पोट लवणीतच संपतं आणि उरलेली सगळी वाट एकटा टेंडन चालतो, बाहेरून आत, तिरका, थेट टाचेच्या हाडाच्या आतल्या कडेपर्यंत. शरीरातल्या सर्वांत लांब टेंडनमध्ये त्याची गणना होते. अकिलीसच्या आतल्या बाजूला तो चिकटून असतो; कधी तिच्यातच मिसळतो, कधी टाचेआधीच आच्छादनात विरतो. त्याला चालवणारी नर्व्ह टिबियल, तिचं मूळ मज्जारज्जूच्या एस-वन, एस-टू या भागांत. तोंडी परीक्षेत पॉप्लिटियसची गल्लत करू नकोस. तोही छोटा, तोही गुडघ्यामागं, पण त्याला खरं काम आहे : ताठ उभं राहिल्यावर कुलूप लागलेला गुडघा वाकायच्या आधी तोच मोकळा करतो. परीक्षक मुद्दाम एकापाठोपाठ एक दोन्ही विचारतात, मीही विचारायची.

उपयोगाचं म्हणशील तर जोर म्हणून याचा हातभार नगण्य. गॅस्ट्रोक्नेमियसला मदत, एवढंच पुस्तकात सापडेल. कित्येक माकडांत मात्र याचा टेंडन टाचेवरून वळून तळपायाच्या पडद्यात जातो, आणि तिथं तो कामाचा गडी असतो. आपण टाच टेकवून उभं राहू लागलो आणि तो टाचेपाशीच अडला. तरीही ‘उपयोग नाही’ म्हणून हात झटकू नकोस. एवढ्याशा मांसाच्या मानानं यात ताण मोजणारी संवेदनाग्रं दाट असतात. पायाची स्थिती मेंदूला कळवणं हे याचं काम असावं असा बऱ्याच अभ्यासकांचा कयास आहे. मला तो पटतो, पण परीक्षेत ‘कयास’ म्हणूनच लिही.

आणि पाठ का करायचा याचं उत्तर खाली चौथ्या पत्रात आहे.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातला, पोलीस भरतीची तयारी करतोय. मैदानावर गुडघा मुरगळला म्हणून एमआरआय केला. रिपोर्टमध्ये आतल्या मिनिस्कसबद्दल (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीबद्दल) काहीतरी लिहिलंय आणि खाली ‘प्लँटारिस दिसत नाही’ असं आहे. माझ्या पायात जन्मतःच स्नायू कमी आहे का? 1600 मीटरमध्ये मागं पडेन का? मेडिकलला काढतील का? घरात सगळे टेन्शनमध्ये आहेत.

उत्तर : घरच्यांना सांगा, चहा घ्या. दहातल्या एकाच्या पायात हा स्नायू नसतो. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण सातपासून वीस टक्क्यांपर्यंत जातं. एका पायात असतो आणि दुसऱ्यात नसतो असंही होतं. क्वचित एकाच पायात दोन असतात. हा आजार नाही, व्यंग नाही, आणि नसल्यानं धाव सेकंदानंही कमी होत नाही. डॉक्टरांच्या भाषेत हा नुसता ‘फरक’ आहे, कुणाच्या गालावर खळी पडते आणि कुणाच्या नाही, तेवढाच.

मिनिस्कसची ओळ मात्र तुम्ही ‘काहीतरी’ म्हणून सोडून दिलीत, आणि खरं दुखणं तिथंच असणार. तो रिपोर्ट अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते हो म्हणेपर्यंत मैदान बंद.

प्रश्न : माझे मिस्टर पॉवरलूमवर आहेत. मशीनमध्ये हात जाऊन अनामिकेची वाकवायची शीर तुटली. पहिल्यांदा नुसती जखम शिवली, बोट वाकेना. आता मोठ्या डॉक्टरांनी दुसरी शीर बसवायची म्हणून सांगितलं. मनगटातली घेऊ म्हणाले, मग बघून म्हणाले की यांच्या मनगटात ती नाहीच, पायातून घ्यावी लागेल. सासूबाई म्हणतात, हाताचं गेलं ते गेलं, आता पायही अधू करून घेणार का? उभ्यानं काम आहे त्यांचं. काय करावं?

उत्तर : ताई, डॉक्टर बरोबर सांगतायत. सासूबाईंची काळजीही समजते, पण ती इथं लागू नाही.

तुम्ही जिला शीर म्हणता ती रक्ताची नव्हे, तर स्नायूचा जोर हाडापर्यंत नेणारी दोरी, टेंडन. बोट वाकवणारे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांच्या दोऱ्या तळहातातून बोटाच्या टोकापर्यंत जातात. जुन्या जखमेत दोरीची टोकं आकसून लांब गेलेली असतात, ती पुन्हा जोडायला पुरत नाहीत. म्हणून दुसरीकडून दोरी आणून बसवायची. पण ती अशा ठिकाणाहून आणायला हवी की तिथून काढल्यानं काही बिघडणार नाही. शरीरात अशा जागा मोजक्याच. पहिली पसंती मनगटातल्या पामारिस लाँगसला. तुम्ही स्वतः बघा : अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट जरा आत वाकवा. मधोमध एक दोरी उठून दिसते तीच ही. पाठ्यपुस्तकात शंभरातल्या पंधराएक जणांत ती नसते असं सापडतं. तुमच्या मिस्टरांचा नंबर त्यांत लागला.

मग दुसरी पसंती पायातल्या प्लँटारिसची. बारीक, चिवट आणि लांब. इतकी लांब की एका दोरीतून एकापेक्षा जास्त बोटांचं काम भागू शकतं. घ्यायची पद्धतही साधी आहे. टाचेच्या वर, आतल्या बाजूला छोटासा छेद घेतात. तिथं अकिलीसच्या शेजारी ही दोरी सापडते. ती खालून सोडवून, एका लांब दांडीच्या टोकावरच्या कड्यातून ओवतात आणि ते कडं आतल्या आत पोटरीत वर सरकवत नेतात. वर पोचलं की दोरी कापली जाते आणि अख्खी बाहेर येते. पोटरी उभी चिरत नाहीत. चालण्याची, उभं राहण्याची, चवड्यावर उठण्याची ताकद यानं कमी होत नाही, कारण ते काम करणारे दोन मोठे स्नायू आणि त्यांची जाड दोरी जागच्या जागी असते. काही दिवस टाचेपाशी दुखेल, एवढंच.

याच दोरीचा आणखी एक गुण आहे. ती आडवी विंचरत गेलं की पसरून पातळ पडदा होते. 1966 साली लिन या शल्यविशारदांनी तुटलेली अकिलीस शिवल्यावर तिच्यावर शेजारचाच प्लँटारिस असा पसरून पांघरायची पद्धत मांडली होती. (पहिल्या वर्षाच्या मुली, वाचतेस ना?)

डॉक्टरांना एक मात्र आधीच विचारून ठेवा : पायातही ती सापडली नाही तर काय? काहींच्या पायात ती नसतेच, आणि मनगटातली नसली म्हणजे पायातलीही नाही असं काही ठरलेलं नाही. सोनोग्राफीनं आधी अंदाज येतो. नसली तर पायाच्या बोटांना वर उचलणाऱ्या दोऱ्यांपैकी एखादी घेतात. टेबलावर ऐनवेळी गोंधळ नको म्हणून हे बोलून घ्यायचं.

खरी कसोटी ऑपरेशननंतर, आणि ती पायाची नव्हे, बोटाची. फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढंच आणि तसंच हलवायचं. आळस केला तर दोरी आत चिकटते आणि बोट पुन्हा ताठ. अंगात आलं आणि ताकद लावली तर टाका तुटतो. लूमवर परत जायची घाई किती असते ते मला कळतं, खाडा म्हणजे पगाराला चाट. पण मालकाला आधीच दोन-तीन महिन्यांचं सांगून ठेवा, आणि नक्की तारीख डॉक्टरांकडून लेखी घ्या.

प्रश्न : विडी वळायला दिवसभर बसते. वय 62. रात्री पोटरीत गोळा येतो, ओरडून उठते. हा तुमचा प्लँटारिसच का?

उत्तर : नाही हो आजी, तो बिचारा यात नाही. गोळा येतो तो बहुतेक वेळा गॅस्ट्रोक्नेमियसमध्ये. आला की गुडघा सरळ करा आणि पावलाची बोटं स्वतःकडं ओढा. जमेल तर उठून भिंतीला हात टेकून टाच जमिनीवर दाबा. सुटतो. झोपायच्या आधी असाच ताण दोन-चार वेळा द्या. दिवसा बसल्या जागी टाचा वरखाली करत राहा, तासाभरानं उठून दारापर्यंत जाऊन या. आपल्याकडं उन्हाळ्यात अंगातलं पाणी कधी सरतं ते कळत नाही, तेव्हा तांब्या सूपाशेजारीच ठेवा. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना पोटरीत येणाऱ्या या गोळ्याबद्दल आवर्जून सांगा. आणि चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल, थांबल्यावर बरं वाटत असेल, तर ते वेगळं, पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. शुगरही बघून घ्या.

प्रश्न : माझ्या पायात प्लँटारिस आहे की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं? (हे तिघा-चौघांनी विचारलंय.)

उत्तर : ओळखता येत नाही. मनगटाची परीक्षा आहे, तशी पायाची नाही. सोनोग्राफीत दिसतो, पण एवढ्यासाठी पैसे घालवू नका.